आजानुबाहूची सायकल

माझा नवरा आजानुबाहू आहे, हे मला लग्नाआधीच सांगण्यात आलं होतं. बघायला आल्या तेव्हा सासूबाई तबकातली सुपारी उचलता उचलता माझ्या आईला म्हणाल्या, "आमच्या नरहरचे हात सरळ सोडले की बोटं गुडघ्याला टेकतात. राजलक्षण आहे." आई हरखून गेली. मी दाराआडून पाहिलं, तर राजा बैठकीवर मांडी घालून बसलेला, आणि बसलेल्या सगळ्यांत उंच डोकं त्याचंच. उभा राहिला तेव्हा मात्र माझ्या भावाइतकाच भरला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण सतरा वर्षांच्या पोरीला शंका येत नाहीत, तिला फक्त घाम येतो.

त्यांचं नाव नरहरराव भालकीकर. ते होते तोवर उखाण्यापलीकडे मी हे नाव कधी घेतलं नाही. आता घेते, कारण आता ते काही रागवायला येणार नाहीत. घराणं जुनं, तीन पिढ्या सरकारी चाकरीत आणि तिन्ही पिढ्या कारकुनीत. तालीमाच्या कचेरीत, म्हणजे शाळाखात्यात, हे नक्कलनवीस होते. इन्स्पेक्टर लोक गावोगावच्या शाळा पाहून आले की मुआयन्याचे, म्हणजे तपासणीचे, कागद पाठवत, आणि त्या कागदांच्या सुवाच्य उर्दूत तीन-तीन नकला करायच्या, हे यांचं काम. सतरंजीवर मांडी, पुढ्यात उतरतं मेज, कानामागे बोरू. अशी एकोणीस वर्षं.

दुसरा एखादा नकला करून घरी आला असता, जेवला असता, झोपला असता. आमच्याकडे तसं नव्हतं. शेरवानी खुंटीला लावता लावताच सुरू होई. "मेदकच्या बाजूला एक शाळा आहे. पावसात मुलांना ओसरीवर बसवतात, असं लिहिलंय. पण ओसरी कुठल्या दिशेला, ते लिहिलंच नाही."

"तुम्हाला काय करायचंय?"

"अगं, पाऊस आत येत असेल की नाही, ते त्याच्यावर ठरतं ना."

भात निवायचा आणि ओसरीची दिशा ठरायची नाही. एकदा एका कागदात नुसतं होतं, 'उस्ताद एका पायाने अधू, पण शिस्त उत्तम.' त्यावर आठ दिवस गेले. अधू माणूस मुलांच्या मागे पळत नसणार, मग शिस्त कशी ठेवतो, हे यांना बघायचं होतं. मी चिडून म्हटलं होतं, जाऊन बघा एकदाचे. ते म्हणाले, "नक्कलनवीस कुठे जात नाही. कागद त्याच्याकडे येतात." हे त्यांनी हसत सांगितलं, पण मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की या माणसाला आत काहीतरी टोचत असतं.

म्हणून तेराशे चव्वेचाळीस फसली साल लागण्याच्या आधी दोन महिने कचेरीत नवी जागा निघाली, तेव्हा बेचाळिसाव्या वर्षी हे एखाद्या उमेदवारासारखे धावत घरी आले. जागा होती दौऱ्याच्या अहलकाराची. शहर आणि भोवतालची गावं हिंडून शाळा डोळ्यांनी पाहायच्या आणि कागद स्वतः लिहायचे. यांचं नाव यादीत सगळ्यांत वर होतं. अट एकच. उमेदवाराकडे स्वतःची सायकल हवी आणि ती चालवता आली पाहिजे. आजूरच्या पहिल्या तारखेला, म्हणजे दप्तराच्या नव्या सालाच्या पहिल्या दिवशी, मोहतमिम साहेब, म्हणजे खात्याचे मुख्य, कचेरीच्या चौकात परीक्षा घेणार होते. चौकाला फेरा मारायचा, आणि साहेब "रुको" म्हणतील तिथे, चुन्याच्या रेषेवर थांबायचं. जमलं तर दौरा. नाही जमलं तर परत सतरंजी, आणि ती पेन्शन होईपर्यंत.

यांनी आयुष्यात सायकलला हात लावला नव्हता.

सायकल घ्यायला हे आणि माझा भाऊ बाळकृष्ण नामपल्लीच्या बाजूला गेले. बाळकृष्ण वकील, स्वतः सायकल चालवणारा, आणि जगात आपल्याला कळत नाही असं काही नाही या समजुतीचा. दुकानदार हकीमुद्दीन साहेब मोठे अदबशीर. त्यांनी आधी गादीवर बसवलं, चहा पाजला, तब्येतीची चौकशी केली. मग माप घेतलं. त्या काळी सायकलीचं माप कसं घेत, ते सांगते, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. गिऱ्हाईकानं सायकलीशेजारी उभं राहायचं, सीट बगलेत धरायची आणि हात खाली सरळ सोडायचा. बोटाची टोकं पेडलच्या खिळ्याला टेकली की माप बरोबर. माणसाचा पाय कुठवर पोचेल ते त्याच्या हातावरून ओळखायचं.

यांची बोटं बावीसच्या फ्रेमला बरोबर टेकली. हकीमुद्दीन साहेब म्हणाले, "आपके वास्तेच बने सो है, भालकीकर साब." बाळकृष्णाची सायकलही बावीसचीच. घरी आल्यावर मी हँडलला हळदकुंकू लावलं, सासूबाईंनी नारळ फोडला आणि गल्लीतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की हात लांब असले की माणसाला सगळं जवळ येतं.

दुसऱ्या दिवशी हे पडले. तिसऱ्या दिवशी पडले. चौथ्या दिवशी नामपल्लीच्या बागेत एका धोब्याच्या गाठोड्यावर पडले, तेवढं बरं झालं. आठवड्यात कोपरं सोलली, ढोपरं सोलली, आणि मधल्या दांडीनं जिथे मार बसला तिथलं औषध त्यांनी स्वतःच लावलं, मला विचारू दिलं नाही.

सल्ल्यांना तोटा नव्हता. बाळकृष्ण म्हणे, "दाजी, खाली बघू नका." शेजारचे एक पेन्शनर म्हणत, समोर बघा. कचेरीतला एक जण म्हणाला की चाळिशीनंतर कानातलं पाणी आटतं आणि तोल जातो. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, दोनदा. मी म्हटलं, भीती वाटते म्हणून पडता. ते म्हणाले, "मला भीती वाटत नाही. मला फक्त कळत नाहीये." मला तो बहाणा वाटला. आमच्यात तेव्हा जरा अबोलाच होता.

कळत नाही म्हणजे या माणसाला चैन पडत नसे. यांनी एक वही घातली. पडण्याची वही. कचेरीतल्या कागदासारखे रकाने आखले: तारीख, जागा, डावीकडे की उजवीकडे, आणि शेवटी कैफियत. पडले की उठून, शेरवानी झटकून, खिशातून वही काढून लिहायचे. बाजारातली माणसं थांबून बघत. मला शेजारणींकडून कळे की आज तुमच्या मालकांनी बेगम बाजारात लिहिलं.

महिन्याभरानं एका संध्याकाळी त्यांनी मला वही वाचून दाखवली. तेवीस नोंदी होत्या.

"यात तुला काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

"तेवीस वेळा पडलात, ते दिसतं."

"तेवीसच्या तेवीस वेळा मी थांबताना पडलोय. चालताना एकदासुद्धा नाही. म्हणजे मला सायकल येते. थांबणं येत नाही."

आणि ते खरंच होतं. पायरीवरून ढकलून दिलं की ते सुरेख चालवत. थांबायचं झालं की पाय जमिनीला पोचत नसे, दांडी आड येई, आणि माणूस आडवा. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. पायऱ्यांशीच थांबायचं. आमच्या दाराची पायरी, पुढे धर्मशाळेची, मग स्टेशनाजवळचा कट्टा. कुठल्या घराची पायरी किती उंच, हे त्यांना त्या महिन्यात पाठ झालं. हिमायतनगरला माझ्या मावसबहिणीकडे जायला निघाले आणि तिच्या दाराला पायरी नाही म्हणून न थांबता तीन चकरा मारून तसेच परत आले. ती बिचारी दारात हात जोडून उभी.

कचेरीच्या चौकात पायरी नव्हती. मोकळा चौक आणि चुन्याची रेष.

सीट अगदी खालपर्यंत ठोकून पाहिली. तरी दांडी होती तिथेच होती. सायकल दुकानात नेली. हकीमुद्दीन साहेबांनी पुन्हा चहा पाजला, पुन्हा बगल, पुन्हा बोटं, पुन्हा बराबर. बोट ठेवायला जागा नव्हती. शेवटी अकरा दिवस उरले तेव्हा त्यांनी आपला जुना मिस्त्री आमच्या घरी पाठवला, सायकल नीट तपासायला. त्याचं नाव यादगिरी. पन्नाशीचा, कमी बोलणारा, आणि नाकाच्या शेंड्यावर कायम ग्रीस.

त्यानं अंगणात सायकल उलटी केली, सरळ केली, चाकं फिरवली, यांना वर बसवलं, उतरवलं, पडताना धरलं. बाळकृष्णही आलेला होता आणि यादगिरीला सायकल शिकवत होता. सासूबाई ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. मी आत, खिडकीशी, परीक्षेच्या दिवसासाठी नवा पायजमा दुमडत होते. आमच्या शिंप्याची एक खोड होती. यांचे पायजमे तो दर वेळी चार बोटं लांब शिवायचा. एकोणीस वर्षं सांगून थकले. शेवटी मी सांगणं सोडलं आणि प्रत्येक नवा पायजमा चार बोटं दुमडून टीप घालायला लागले.

बाहेरून यादगिरीचा आवाज आला. "साब का हात बराबर है. सैकल बराबर है. फिर गिरते कायकू, वोइच समझ में नै आरा."

माझी सुई तिथेच थांबली. सायकलवाल्याचं माप बरोबर आणि माणूस पडतो. शिंप्याचं माप बरोबर आणि पायजमा लोळतो. दोघेही चुकणारे कारागीर नव्हते. दोघांनी यांचं डोकं पाहिलं होतं, खांदे पाहिले होते, हात पाहिले होते. शेरवानी गुडघ्यापर्यंत; माणूस कुठे संपतो आणि पाय कुठे सुरू होतात, हे तिच्याखाली कुणाला दिसणार.

माझ्या दुरुस्तीच्या गाठोड्यात बाळकृष्णाचा एक पायजमा पडलेला होता. वहिनी माहेरी गेली होती म्हणून नाडीचा नेफा शिवायला तो माझ्याकडे टाकून गेला होता. शिंपी तोच, दोघांची उंची तीच. मी दोन्ही पायजमे पसरले आणि आतल्या शिवणीवरून हातानं मापलं. बाळकृष्णाचा दीड हात आणि सहा बोटं. यांचा, माझ्या दुमडीपर्यंत, दीड हात आणि दोन बोटं.

मी दोन्ही पायजमे घेऊन अंगणात आले. परक्या माणसासमोर नवऱ्याचा पायजमा हातात घेऊन उभी राहणारी आमच्या घरातली मी पहिलीच सून. सासूबाईंच्या हातातली वात गळून पडली. पण मला आता राहवत नव्हतं.

"यादगिरी, पायाचं माप तुम्ही लोक हातावरून कायकू घेता?"

यादगिरीनं मान खाली घातली. "शरीफ आदमी की टांगों में फीता कौन डालिंगा अम्मा? दुकान में बैठाते, चाय पिलाते, फिर बोलते क्या, साब टांगा फैलाओ? हात जित्ता, पाव उत्ता. सबका बैठता."

"सबका नै बैठता," मी म्हटलं, आणि दोन्ही पायजमे नेफ्याला नेफा लावून दोरीवर टांगले. आतली शिवण दाखवली. चार बोटांचा फरक आंधळ्यालाही दिसला असता.

"बाळकृष्णा, इकडे ये. तुझा हात यांच्या हाताशेजारी धर."

दोघांनी खांद्याला खांदा लावला आणि हात सोडले. नखाला नख लागलं. तसूभर फरक नाही. पण यांची बोटं गुडघ्याला टेकली आणि बाळकृष्णाची गुडघ्याच्या वर राहिली. माझ्या नवऱ्याचे हात लांब नव्हतेच. त्यांच्या मांड्या आखूड, म्हणून गुडघे वर होते.

बाळकृष्णानं वकिलासारखं पुन्हा एकदा हाताला हात लावून पाहिला. मला मात्र जिंकल्यासारखं झालं होतं, आणि त्या भरात मी म्हणून गेले, "झालं, संपलं राजलक्षण. पाय आखूड आहेत, एवढंच."

यांनी आधी आपल्या हाताकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे, मग दोरीवरच्या पायजम्यांकडे. वाटलं, रागावतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर ओसरीची दिशा सापडल्याचा भाव होता. "म्हणजे पडत होतो तो माझा दोष नव्हता," ते हळूच म्हणाले. आणि वही काढून लिहायला बसले.

सासूबाई उठून आत गेल्या होत्या. मी मागोमाग गेले. त्या चुलीशी पाठ करून बसल्या होत्या.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तू काही नवीन सांगितलं नाहीस."

मी दाराशीच खाली टेकले.

"सात वर्षांचा होता. पंतोजींकडून रडत आला. पोरं त्याला बदक म्हणत, मागून चालून दाखवत. तेव्हा शेजारच्या देवळात पुराण लागलं होतं. आजानुबाहू शब्द मी तिथं ऐकला आणि घरी येऊन त्याला सांगितला. हात सोड म्हटलं, बघ, टेकतात की नाही. गप्प झाला. दुसऱ्या दिवशी ताठ मानेनं शाळेत गेला. मग मी ज्याला त्याला सांगतच सुटले. तुझ्या आईलाही सांगितलं. सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं होतं."

मला माझ्या जिभेची लाज वाटली. पस्तीस वर्षं एका बाईनं जे झाकून ठेवलं होतं, ते मी दोरीवर वाळत घातलं होतं. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी आशीर्वाद दिला नाही, नुसतं म्हणाल्या, "आता पोरासोरांची सायकल घेऊन कचेरीत जाईल. हसतील त्याला सगळे."

त्यांची भीती खोटी नव्हती. यादगिरी दुसऱ्याच दिवशी दुकानाच्या माळ्यावरून एक सायकल घेऊन आला. वीसची फ्रेम आणि सव्वीसची चाकं. शाळकरी पोरांसाठी मागवलेली. कोणी मोठा माणूस घेईना म्हणून धूळ खात पडलेली. त्यानं यांना हिशेब समजावला. फ्रेम दोन इंच उतरली, चाक लहान म्हणून आणखी एक इंच. झाले तीन इंच. आणि तीन इंच म्हणजे अम्माची चार बोटं. हे समजावताना तो इतका खुलला की मला वाटलं याच्याही मनाला ते कोडं लागून राहिलं होतं.

मग त्यानं माप घेतलं, ते मी कधी विसरणार नाही. त्यानं यांच्या अंगाला हात लावला नाही. माझ्याकडून तो दुमडलेला पायजमा मागून घेतला, त्याचं आसन सीटवर ठेवलं आणि एक पाय खाली सोडला. शिवणीची कड पेडलला टेकेपर्यंत सीट खालीवर केली. गल्लीतली माणसं दारात जमून आमच्या सायकलीला पायजमा घातलेला बघत होती. अदब राहिली आणि मापही मिळालं.

पण एवढ्यानं भागलं नाही. हे त्या सायकलीवर बसले आणि थांबले, दोन्ही पाय जमिनीवर, सुखरूप. चालवायला लागले तर गुडघे हँडलवर आपटायला लागले, पाठ धनुष्यासारखी वाकली. पाय पोराचे पण धड सरदाराचं, त्याचं काय करायचं. फ्रेम मोठी घ्यावी तर पाय लटकतात, लहान घ्यावी तर छाती मावत नाही. दोन दिवस यादगिरी आणि हे अंगणात बसून त्याच्यावर डोकं चालवत होते. माणूस दुसरीकडे कसा बसतो म्हणून हे आगगाडीच्या बाकाबद्दल, तबलजीच्या बैठकीबद्दल विचारायचे, यादगिरी मान हलवायचा. शेवटी त्यानं सीट जितकी मागे जाईल तितकी सारली आणि हँडलचा दांडा बदलून पुढे लांब वळलेला बसवला. म्हणजे खालून सायकल लहान राहिली आणि वर माणसाला जागा झाली. हे बसले, गल्लीच्या टोकापर्यंत गेले, परत आले आणि भर रस्त्यात थांबले. जवळपास एकही पायरी नव्हती.

त्या दिवशी मी रडले. पडल्याचं रडू महिनाभर कोंडून ठेवलं होतं, ते थांबल्यावर आलं.

बाळकृष्णाला मात्र पटेना. "दाजी, भालकीकरांच्या घरातला माणूस वीसच्या सायकलवर? सगळी कचेरी टवाळी करील. त्यापेक्षा डॉक्टरचा कागद आणतो, परीक्षा पुढे ढकलू, बावीसचीच सवय करा." तो गेल्यावर यांनी फडक्यानं सायकल पुसली. मग मला विचारलं, "खरं सांग. विचित्र दिसतो का मी तिच्यावर?"

खोटं बोलायची माझी हिंमत आता संपली होती. "दिसता," मी म्हटलं. "वरून तहसीलदार आणि खालून शाळकरी."

ते हसले. पण जेवणात लक्ष नव्हतं. सात वर्षांचा मुलगा माणसात किती वर्षं राहतो, कुणास ठाऊक.

आजूरच्या पहिल्या तारखेला सकाळी नवा पायजमा, वर इस्त्रीची शेरवानी, डोक्याला टोपी घालून ते निघाले. सायकल वीसचीच घेतली. सासूबाईंनी हातावर दही घातलं, पण सायकलीकडे पाहिलं नाही. बाहेर जाऊन उभ्याही राहिल्या नाहीत. दिवसभर त्यांनी काही खाल्लं नाही, म्हणून मीही खाल्लं नाही, आणि आम्ही दोघी एकमेकींना जेवलात का विचारत राहिलो.

ती जागा त्यांना मिळाली. पुढे अकरा वर्षं ते त्या सायकलवर हिंडले. चाकं तीनदा बदलली, फ्रेम तीच. त्यांचे कागद लांबलचक असत अशी तक्रार होई. शाळेची खिडकी किती उंच आणि मुलाचं डोकं तिथवर पोचतं की नाही, असलंही ते लिहीत. यादगिरी पुढे गिऱ्हाइकांना सांगायचा, घर का एक पायजामा लेको आओ. हकीमुद्दीन साहेबांनी सुरुवातीला नाक मुरडलं. मग त्यांनीच एक कोनाडा राखून ठेवला, पडदा लावून.

पण मला आठवते ती त्या दिवशीची संध्याकाळ. दिवेलागणीला सायकलीची घंटी वाजली आणि सासूबाई माझ्या आधी दारात पोचल्या. हे उतरले. तोंड धुळीनं माखलेलं, घामानं शेरवानी पाठीला चिकटलेली. मी विचारणार होते, जागा मिळाली का. सासूबाईंनी ते विचारलं नाही.

"कुणी हसलं का रे?"

"हसले, आई," हे म्हणाले. "सगळे हसले. मोहतमिम साहेबसुद्धा."

सासूबाईंनी चौकट धरली.

"मग साहेब म्हणाले, रुको. आणि मी रेषेवर थांबलो. चारजण होतो. दोघे रेषेच्या पुढे गेले, एक कुंडीवर आदळला. मी दोन्ही पाय टेकून उभा होतो. मग कुणी हसलं नाही."

ते ओसरीवर बसले, पाय लांब केले. परीक्षा होताच त्यांना पहिल्या शाळेवर धाडलं होतं, आणि दिवसभर सायकल चालवून पोटऱ्या गोळे आल्यासारख्या झाल्या होत्या. सासूबाई त्यांच्याशेजारी बसल्या आणि त्यांचा एक पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. ते संकोचून मागे सरायला लागले. "आई, हे काय, तू माझे पाय..."

"गप्प बैस," त्या म्हणाल्या, आणि चेपायला लागल्या. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, मग पुन्हा घोट्यापासून. दार उघडं होतं, गल्लीतून माणसं जात होती, आणि त्यांनी पदर पुढे घेऊन ते पाय झाकले नाहीत.